एकशे अठ्ठेचाळीसचा घोळ

पीरमहंमद चाचांच्या भंगाराच्या आवारात त्या सकाळी तीन इंजिनं होती. तिन्हींचे मिळून सिलिंडर बारा. त्यांतले प्लग जागेवर असलेले नऊ; उरलेल्या तीन भोकांपैकी दोनांत चिंध्या कोंबलेल्या आणि एकात कुंभारमाशीचं मातीचं घर. कार्बोरेटर दोन, सेल्फ दोन, पाण्याचे पंप तीन, पैकी हाताने फिरणारा एक. पहिल्या इंजिनाच्या बगलेवर बोटांनी ओढल्यासारखे चार पिवळे पट्टे. रेश्माने हे सगळं वहीत लिहिलं. पट्ट्यांपुढे 'कारण माहीत नाही' असं लिहून खाली रेघ मारली.

दुपारी तीन वाजता ट्रक येणार होता. चाचा आवार रिकामं करत होते. तिसगावात आता भंगारापेक्षा गाळ्यांना मागणी जास्त, असं त्यांच्या मुलांचं म्हणणं. रेश्माला एक इंजिन ठेवून घेता येणार होतं. उरलेली दोन ट्रकमध्ये चढून भट्टीत जाणार होती.

हॉट रॉड म्हणजे काय, हे तिने घरी तीनदा समजावून सांगितलं होतं. जुन्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, नको ते पत्रे काढून टाकायचे, गाडी जमिनीला टेकते की काय वाटावं इतकी खाली बसवायची आणि इंजिन उघडंच ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. अस्सल पद्धतीत एकच अट कडक: इंजिन जुनं हवं, गाडीच्या काळातलं. सगळं ऐकून आई म्हणाली होती, "म्हणजे बॉनेट चोरीला गेलेली जीप."

जीप तिच्या चुलत्यांची, गहिनीनाथ नानांची होती. एकतीस वर्षं त्यांनी तिसगाव ते पाथर्डी प्रवासी वाहिले. मधल्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून मूळचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. पुढे ते डिझेलचंही विकलं गेलं आणि नुसता सांगाडा वस्तीवर लिंबाखाली उभा राहिला. मूळचं पेट्रोल इंजिन मात्र तेव्हापासून चाचांकडे ताडपत्रीखाली पडून होतं. तेच हे पहिलं. दुसरं साखर कारखान्याच्या एका जुन्या अँबेसेडरचं. तिसरं फियाटचं, कुंभारमाशी त्यातच राहत होती आणि ते जाम होतं. म्हणजे निवड दोहोंतच करायची होती.

नाना चाचांच्या आवारातल्या बाजेवर बसले होते. डोळ्यांनी त्यांना आता अंधुक दिसायचं. पण गाडी तयार झाली की रेश्माने ती करंजी घाटाने वर न्यायची आणि आपण शेजारी बसायचं, एवढं त्यांचं ठरलेलं होतं. "माझंच इंजिन असू दे, बाय," ते महिनाभर म्हणत होते. "डोळ्याला दिसत न्हाई, पर त्याचा आवाज वळखीचा हाय. कुठल्या वळनावर आलो ते आवाजावरनं सांगतो."

रेश्मा हो म्हणाली नव्हती. ती भौतिकशास्त्र शिकलेली आणि नगरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला. मोजल्याशिवाय हो म्हणायची सवय तिला राहिली नव्हती.

"कोनतं?" नानांनी चौथ्यांदा विचारलं.

"मोजते ना, नाना."

"घोडेगावच्या बाजारात बैल घेताना दात बघत्यात, चाल बघत्यात. मीटर लावून बैल घेतलेला मी तरी न्हाई बघितला."

"बैलाला प्लग नसतो," चाचा म्हणाले.

मोजायचं होतं कॉम्प्रेशन. प्लग काढायचा, त्या भोकात मीटर बसवायचा आणि बॅटरी जोडून सेल्फ मारायचा. आतला पिस्टन हवा किती दाबतो ते काटा सांगतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असल्या की हवा निसटते आणि काटा कमी दाखवतो. अँबेसेडरच्या चार सिलिंडरांचे आकडे आले ११६, ११२, ११८, ११४. सरळ, समजूतदार इंजिन. रेश्माला बरं वाटलं.

मग नानांच्या इंजिनाचा पहिला सिलिंडर. काटा चढला आणि एकशे अठ्ठेचाळीसवर थांबला.

तिने पुस्तकात पाहिलं. हे इंजिन नवं कोरं असताना एकशे वीस दाखवायचं. पाथर्डीची माणसं वाहून झिजलेलं, तीस वर्षं पडून राहिलेलं इंजिन नव्यापेक्षा अठ्ठावीसने जास्त दाखवत होतं.

"चांगलं हाय का?" नानांनी विचारलं.

"गरजेपेक्षा जास्त चांगलं आहे."

"मग तोंड का असं?"

तिने मीटर काढला आणि रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याकडे नेऊन त्याच्या मीटरशी ताडून पाहिला. फरक दोनचा. मीटर खरा होता. परत येऊन तोच सिलिंडर पुन्हा मोजला तर आले १३९. तिसऱ्यांदा मोजला, १३१. आता तर काहीच कळेना. नुसतं मोजल्याने इंजिन म्हातारं होतं की काय? बॅटरी उतरली असेल म्हणून तिने तीच बॅटरी अँबेसेडरला लावली. तिथे पुन्हा ११६.

वहीत तिने एकाखाली एक शक्यता लिहिल्या. आत काजळी साचून जागा कमी झाली असेल. पण काजळी तीन वेळा मोजल्याने कमी होत नाही. खाली तिने फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

"चहा घ्या," चाचा म्हणाले. "शिकलेलं माणूस हैरान झालं की चहाच लागतो."

"मला तर वाटतंय तिला माझंच आवडलंय," नाना म्हणाले, "पर सांगायला लाजती."

चहा निवत ठेवून रेश्मा परत इंजिनाजवळ बसली. काढलेल्या प्लगाचं टोक ओलं होतं. सगळ्याच प्लगांवर तेलकट मळ होता, म्हणून सकाळी तिने लक्ष दिलं नव्हतं. आता तिने भोकात बोट फिरवून उन्हात धरलं. तीस वर्षांचं तेल काळं असायला हवं. हे मधाच्या रंगाचं होतं, स्वच्छ. मग तिची नजर बगलेवरच्या चार पिवळ्या पट्ट्यांवर गेली. तिने एक पट्टा नखाने खरवडला आणि वास घेतला. हळद होती.

"नाना, ह्यात तेल कुणी घातलं?"

"मी," नाना म्हणाले. चहा कुणी घेतला असं विचारल्यासारखं. "पोळ्याच्या आदल्या दिशी. खांदमळनीला."

पोळा होऊन चार दिवस झाले होते.

"इंजिनाची खांदमळणी? हळद-तेल तर बैलांच्या खांद्याला चोळतात."

"मग? घरचे बैल इकले त्या साली मळायला खांदाच न्हाई राहिला. आन मला तर पोटाला ह्यानंच घातलं हुतं. मग हळद लावली, चारी भोकात पळी-पळी तेल दिलं, हँडल मारून दोन फेरं फिरवलं. उद्या जेवायला ये म्हनून आवतन बी दिलं."

"दरसाल येतात," चाचा म्हणाले. "प्लग मी खोलून देतो. ह्यांच्या पोळ्याला मला सुट्टी नाही."

आता आकडा कळला. पिस्टनच्या कडेला तेल साचलं की झिजलेल्या फटी बुजतात आणि हवा निसटत नाही. वर हवेची जागाही कमी होते. दर वेळी सेल्फ मारला की थोडं तेल बाहेर उडतं आणि आकडा उतरतो. एकशे अठ्ठेचाळीस हा इंजिनाचा आकडा नव्हता, पळीभर तेलाचा होता.

एक गोष्ट कळली तशी दुसरी गुंतली. "मी मोजणार हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"मोजनार हे ठाव हुतं. तुझं यंत्र काय बघतं ते ठाव न्हवतं." नानांनी बाजेची सुंभ चाचपली. "ह्या साली जरा जास्त घातलं, हे खरं."

"का?"

"निरोपाचं म्हनून. न्हाई घेतलंस तर भट्टीत जानार. उपाशी कशाला धाडायचं?"

हे खरं मानायचं की नाही, रेश्माला ठरवता येईना. तिने फियाटकडे पाहिलं. ते याच आवारात, त्याच ताडपत्रीखाली पडून होतं, तेवढीच वर्षं. त्याला कुणी तेल दिलं नव्हतं आणि त्याचा पिस्टन केसभरही हलत नव्हता. ज्या तेलाने आकडा खोटा केला त्याच तेलाने इंजिन फिरतं ठेवलं होतं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तिच्या वहीत तसा रकाना नव्हता.

अँबेसेडरचं घ्यावं तर ते चांगलं आहे यात शंका नव्हती. पण ते बसवायला सांगाड्याचा पुढचा भाग कापावा लागणार होता. नानांचं इंजिन बोल्ट घातले की बसणार होतं, त्याच्याच जागी. झिजलेल्या रिंगा बदलता येतात. पण एखादा सिलिंडर बाकीच्यांच्या फार मागे पडला असेल तर आत काहीतरी मोडलंय असं समजायचं.

"हे बघा," ती म्हणाली, "तेल काढून पुन्हा मोजते. चारांपैकी सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पाऊणपट तरी यायला हवा. पाऊण किंवा त्याच्या वर आला तर तुमचं इंजिन ठेवायचं. खाली आला तर अँबेसेडरचं. मग त्यावर बोलायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही."

"पाऊन म्हंजे बारा आनं?"

"बारा आणे."

नानांनी बराच वेळ इंजिनाच्या दिशेने पाहिलं. त्यांना ते नुसतं काळं ढेकूळ दिसत असणार. "मोज," ते म्हणाले. "बारा आनं आजून माझ्यात बी हाय."

"डोळे सोडून," चाचा म्हणाले.

चारही प्लग काढून तिने सेल्फ मारला. भोकांतून तेलाचे शिंतोडे भिंतीवर उडाले. ते थांबेपर्यंत ती थांबत थांबत मारत राहिली. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल सोडलं, पुन्हा फिरवलं, चिंधीने टिपलं, आणि तासभर भोकं उन्हात उघडी ठेवली. तेवढ्या वेळात बॅटरी चार्जिंगला लावली. नाना बाजेवरून उठून इंजिनाजवळ येऊन उभे राहिले आणि एक हात हळदीच्या पट्ट्यांवर ठेवला.

"हात काढा, नाना, सेल्फ मारायचाय."

त्यांनी हात काढला.

तीनला पाच कमी असताना ट्रक फाटकाशी आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. चाचांनी त्याला हाताने थांबायला सांगितलं. रेश्माने प्रत्येक सिलिंडर तीन तीन वेळा मोजला. या वेळी तिन्ही वेळा आकडा तोच आला, उतरला नाही. तिने वहीत नवं पान काढलं आणि लिहिलं:

पहिला ८८. दुसरा ८४. तिसरा ६६. चौथा ८६.

खाली भागाकार मांडला. सर्वांत कमी सहासष्ट, सर्वांत जास्त अठ्ठ्याऐंशी. सहासष्ट भागिले अठ्ठ्याऐंशी, बरोबर ०.७५.