मधली जागा

हौदात, म्हणजे कसरतीच्या खोलगट आखाड्यात, मधे उभा राहतो तो पुढारी, आणि वर चौथऱ्यावर ढोल घेऊन बसतो तो मी, त्याचा चाकर. त्यानं मान हलवली की माझा हात चालतो. इराणातल्या काशानच्या आमच्या झूरखान्यात, म्हणजे आमच्या तालमीत, हे माझ्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता रोज वाटतं.

आमचे जुने पुढारी हाजी फतहुल्ला यांचे गुडघे गेले तेव्हा मधे कोण येणार, हे विचारायचीही गरज नव्हती. गालिच्यांचं सूत रंगवणारा बहराम त्यांच्या उजव्या हाताला उभा राहून म्हातारा व्हायला आला होता. कुणाचा खांदा दुखतो, कुणाचं घरात भांडण झालंय, त्याला मुदगल हातात घेण्याच्या पद्धतीवरून कळायचं. रजब पाववाल्याचं हृदय नाजूक. त्याला धाप लागली की बहराम स्वतःच ओरडायचा, "थांबा रे, माझी मूठ सरकतेय!" सगळा हौद थांबायचा. मूठ पुसण्याचं सोंग चालायचं तोवर रजबचा श्वास जागेवर यायचा. रजबला वाटायचं, बहरामच आता थकत चाललाय.

त्यातच क्रीडाखात्यानं तालमीला पगारी वस्ताद द्यायचं ठरवलं. जो मधे उभा असेल, त्यालाच ती नोकरी. बहरामचा रंगारखाना हिवाळ्यात बंद पडला होता. बायको लोकांचे पडदे शिवून घर चालवत होती. नोकरीच्या नुसत्या बातमीनं तिनं शेजारी खजूर वाटले.

निवडीच्या शुक्रवारी कामयार पाहुणा म्हणून आला. शहरात त्याच्या तीन व्यायामशाळा, आणि पुढारीपण कसं करावं यावर तो पडद्यावर चित्रं दाखवून वर्ग घ्यायचा. लोक त्याला इंजिनियर म्हणत. कशाचा, देव जाणे. लहानपणी दोन उन्हाळे तो आमच्याच हौदात होता, बहरामच्याच हाताखाली. म्हणजे रीत त्याला माहीत नव्हती असं मला कुणी सांगू नये.

हाजींनी बाकावरूनच हाक मारली, "बहराम, मधे ये."

बहराम छातीवर हात ठेवून वाकला. "हाजी, थोरामोठ्यांपुढे मी कोण? पायाची धूळ." मग पाहुण्याकडे वळला. "इंजिनियरसाहेब, आपण या ना. मान आपला."

आमच्याकडे मान असाच घेतात. आधी नाकारायचा, दुसऱ्यापुढे करायचा. त्या दुसऱ्यानंही कानाला हात लावून नको म्हणायचं. पुन्हा आग्रह, पुन्हा नकार, आणि शेवटी पहिल्यालाच चौघांनी दंडाला धरून ओढत मधे न्यायचं. आम्ही चौघं दंड धरायला तयारच होतो.

कामयार हसला. "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात, तर..." म्हणाला आणि सरळ हौदात उतरून मधे जाऊन उभा राहिला.

निवडीला आलेला खात्याचा माणूस टाळ्या वाजवू लागला. मधे येणाऱ्याला चौथऱ्यावरची घंटा वाजवून मान द्यावा लागतो, तो मी दिला. माझा हात झडला असता तर बरं झालं असतं.

नंतर कपडे बदलताना मी बहरामला गाठलं. "गाढवा, त्यालाच का विचारलंस?"

"पाहुणा होता. न विचारून कसं चालेल?"

"मग तिथंच सांगायचं होतंस, की बाबा रे, ही नुसती रीत होती!"

"दिलेलं परत मागू? सगळ्यांदेखत?" तो माझ्यावरच खेकसला. "तुझ्या बापानं हेच शिकवलं का तुला?"

"आणि घरी काय सांगशील?"

तो बराच वेळ सदऱ्याचं बटण लावत राहिला. "सांगेन, अजून ठरलं नाही म्हणून."

कामयारनं ध्वनिक्षेपक आणला. "रजब, मागे पडतोयस! जोर लाव!" असं तो सगळ्यांसमोर ओरडायचा. महिन्याभरात रजब यायचा बंद झाला. बहराम मात्र येत राहिला, कडेच्या बाकावर बसून लोकांची मुदगलं पुसून देत राहिला. मला त्याची दया यायची आणि संतापही यायचा, आणि संताप जास्त यायचा.

मग एकदा इस्फहानहून पाहुणे आले. त्यांच्यापुढे नम्रपणा दाखवायची कामयारला हुक्की आली. तो बाकाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "आगा बहराम, आम्हाला शिकवलंत तुम्ही. आज मधे तुम्ही या."

सगळ्यांनी माना वर केल्या. जा, मी मनात म्हणालो, जा, त्यानं घेतली तशीच घे, एक शब्द बोलू नकोस. हाजीसुद्धा काठीवर पुढे सरसावले होते.

बहराम उठला. कान लाल झाले होते. हात छातीवर गेला. "छे छे, इंजिनियरसाहेब, आपण असताना मी कोण? ती जागा आपलीच."

"बरं, जशी तुमची इच्छा," कामयार म्हणाला आणि पाठ फिरवून मधे गेला.

बहराम तसाच उभा राहिला. किंचित वाकलेला, हात छातीवर, एक पाय हौदाच्या पायरीवर. तो पुन्हा विचारण्याची वाट पाहत होता. कामयारनं वर बघून मान हलवली, आणि मी ढोल वाजवायला लागलो.