पायरीवर थांबलेला पाव

“सरक तिकडे,” पाववाली म्हणाली आणि गरम पावाचं ताट मांडीवर घेऊन चर्चच्या पायरीवर ड्रायव्हरशेजारी फतकल मारून बसली.

मी तिच्या मागेच होते. माझा चष्मा नाकावरून उडाला तो थेट चपलेत.

उडणार नाही तर काय! हा ड्रायव्हर तिच्याच पावाची गाडी चालवायचा. एकदा दारू पिऊन चालवली आणि तिच्याच नवऱ्याला चिरडलं. शिक्षा भोगून आल्यापासून दर रविवारी पायरीवर बसून प्रार्थना ऐकायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही. इतका वाळला होता, की शर्ट त्याच्या अंगात नसून तोच शर्टाला लटकलाय असं वाटे.

आणि पाववाली पीठ आपटायला लागली की गल्लीतली घड्याळं पुढे पळायची. खोटं वाटतं? माझं अजून पुढेच आहे. प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या नावाने सगळ्यांनी वाटून खायचा पाव तीच भाजायची. एकच मोठा पाव, पाळकसाहेब तो मोडणार आणि सगळ्यांना त्यातलाच तुकडा. तो पाव आत गेल्याशिवाय प्रभुभोजन होणार कसं?

“वहिनी, जा ना आत,” ड्रायव्हर पुटपुटला. “लोक खोळंबलेत.”

“तू चल, मग जाते.”

“माझं पाप केवढं, तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला नाही तर कुणाला? पण आत काय सगळे धुतल्या तांदळासारखे बसलेत? शिंपी गिऱ्हाइकाचं कापड मारतो. पाळकसाहेब बायकोवर खेकसतात. आणि ही बया,” तिने माझ्याकडे बोट केलं, “तोंड उघडलं की थापा. हिला कुणी अडवलं?”

“अगं, मला कशाला मध्ये ओढतेस!” मी म्हटलं.

तेवढ्यात तिची लेक तरातरा बाहेर आली.

“आई, बाबांना मारलं ह्याने! आणि तू ह्याला पाव देणार?”

“मी कुठे देतेय, बाळा? मी नुसतं पीठ मळलं. जेवायला बोलावणारा येशू. त्याने ह्याला बोलावलंय, तर दार अडवणारी मी कोण?”

“म्हणजे माफ केलंस तू?”

“नाही.” पाववालीने पावावरचं फडकं नीट केलं. “रोज सकाळी करायला बसते, जमत नाही. उद्या पुन्हा बसेन. पण देव काय माझं जमेपर्यंत थांबणार आहे?”

लेक पाय आपटत आत गेली. दारातून पाळकसाहेब डोकावले, पाववालीचा चेहरा बघितला आणि गुपचूप मागे फिरले.

“गुडघे धरलेत माझे,” ती ड्रायव्हरला म्हणाली. पिठाचं पोतं खांद्यावर टाकून जिना चढणारी बाई ही! “ताट उचल.”

“माझ्या हातांनी?”

“मग काय पायांनी? उचल. गार होतोय.”

त्याने उचललं. छातीशी एवढं घट्ट धरलं, की मला वाटलं पाव आता गुदमरणार. पण आला तो आत. ताट मेजावर ठेवलं आणि बसायचं कुठे हे न कळून तिथेच उभा राहिला.

बाक सगळे भरलेले. रिकामी जागा एकच, पाववालीच्या बाकावर. तिथे तिच्या नवऱ्याची टोपी ठेवलेली असायची. ती हलवायची कुणाची छाती नव्हती.

लेक त्याच बाकाच्या कडेला बसली होती. तिने टोपी उचलली, बाहीने पुसली, मांडीवर घेतली. ड्रायव्हरकडे बघितलं नाही. फक्त गुडघे बाजूला वळवले, त्याला आत जाता येईल एवढे.