पाण्यात पाय न घालणारा पूल

बांधकाम खात्यात सगळे त्यांना खांबसाहेब म्हणायचे. तोंडावर नाही, पण म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी नदीत खांब रोवून पूल बांधले आणि ते एकजात टिकले. निवृत्तीनंतरही गाडी पुलावरून जाऊ लागली की ते काच खाली करून खांब न्याहाळत. त्यांची मुलगीही इंजिनिअर. दरीतल्या नदीवर महामार्गाचा पूल तिच्याकडे आला, आणि एका संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं, की आपण एकही खांब पाण्यात घालणार नाही. खांबसाहेबांच्या हातातला घास हातातच राहिला.

"मग काय, हवेत लटकवणार?"

"कमान, बाबा. पोलादाची. या काठच्या कातळापासून त्या काठच्या कातळापर्यंत एकच. रस्ता तिच्या पाठीवरून जाईल."

"कमान बंगल्याच्या फाटकाला शोभते. वरून भरलेले ट्रक जाणार आहेत."

"आधी जेवणं होऊ द्या," आई म्हणाली, "मग बांधा काय बांधायचं ते."

त्या नदीने आधीचे दोन पूल गिळले होते. पहिला लाकडी, तो आठवणारं कुणी उरलं नव्हतं. दुसरा दगडी खांबांचा. तो गेला तेव्हा खांबसाहेब नोकरीत नवे होते आणि काठावरच उभे होते. पुराने खांबाखालची वाळू उपसून नेली आणि भलाथोरला खांब दमलेल्या माणसासारखा मटकन खाली बसला. तेव्हापासून वाहनं डोंगराला वळसा घालून जात होती. नदीच्या तळाशी वाळूच वाळू, कातळ फार खोल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मन मानत नव्हतं.

जेवण झाल्यावर मुलीने टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं उभी केली, मध्ये पोलादी पट्टी कमानीसारखी वाकवून बसवली आणि वरून बोटाने दाबलं. पुस्तकं घसरली, पट्टी आडवी झाली.

"बघ," खांबसाहेब म्हणाले.

"आता पुस्तकं तुम्ही धरा. घट्ट."

त्यांनी धरली. तिने पुन्हा दाबलं, मग जोर लावून दाबलं. पट्टी जागची हलली नाही, मात्र त्यांच्या मनगटांना कळ लागली.

"तुमच्या हातांवर येतोय तो सगळा भार," ती म्हणाली. "तिथे हातांच्या जागी कातळ आहे. तो दमत नाही."

खांबसाहेब मनगट चोळत उठले आणि आत गेले.

काम सुरू झालं. दोन्ही काठांवरून कमानीचे दोन अर्धे एकेक तुकडा जोडत दरीवर पुढे सरकू लागले. ते पडू नयेत म्हणून जाड पोलादी दोरांनी मागच्या डोंगराला बांधून ठेवले होते. खांबसाहेब अधूनमधून डबा घेऊन येत. निमित्त डब्याचं, लक्ष सगळं वर. खाली कसलाही आधार नसताना माणसं त्या टोकावर बोल्ट आवळत होती आणि कमान वाढत होती. असं काम त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं, आणि करायचं धाडसही झालं नसतं, हे त्यांना आतून कळत होतं.

मधला शेवटचा तुकडा बसवायचा दिवस आला. क्रेन वेळेवर येईना. ती येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तुकडा वर नेला, तर फट चार बोटं कमी. कंत्राटदाराचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब फोटोसाठी येणार होते.

"मॅडम, कडेने तासून घेतो. तासाभराचं काम."

"नको. उन्हाने लोखंड फुगलंय. आत्ता तासलं तर गारव्यात दोन्ही बाजू आकसतील आणि तुकडा आखूड पडेल. मग मध्ये काय, पाचर ठोकणार? पहाटे बसवू."

कंत्राटदार खांबसाहेबांकडे वळला. "साहेब, तुम्ही जुने जाणते. तुम्ही तरी सांगा यांना."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मुलगीही. रात्रीतून वारा सुटला आणि मोकळी टोकं हलली तर, हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"मला खांबांतलं कळतं," ते म्हणाले. "कमानीतलं तिला कळतं. ती म्हणतेय ना पहाटे, मग पहाटे."

पहाटे हवा गार होती, वारा पडलेला. क्रेनने तुकडा अलगद खाली सोडला. फट रुंदावली होती. जॅकने दोन्ही टोकं जराशी इकडेतिकडे सरकवली, भोकासमोर भोक आलं आणि पहिला बोल्ट सरळ आत गेला. वरून कुणीतरी हात हलवला. मग दुपारपर्यंत डोंगराकडचे दोर थोडे थोडे सैल करत गेले. शेवटी ते ढिले पडून लोंबू लागले, आणि कमान होती तिथेच राहिली, स्वतःच्या बळावर, खाली नुसतं वाहतं पाणी. खांबसाहेब काठावर उभे होते. डोळे भरून आले, ते त्यांनी भरू दिले. कामगारांचा मुकादम शेजारी होता, त्याला ते म्हणाले, "इतकं बारीक दिसतं, आणि एवढं पेलतं."

दुपारनंतर मोठे साहेब फोटोग्राफर घेऊन आले आणि मॅडम कुठे म्हणून विचारू लागले. साइटच्या ऑफिसात ती टेबलावर डोकं टेकवून गाढ झोपली होती, हेल्मेट तसंच डोक्यावर. खांबसाहेब दारात खुर्ची टाकून बसले होते.

"झोपलीय," ते म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम आहे हो. फोटो काढून होऊ दे."

"पुलाचा काढा. तिला उठवायचं नाही."

साहेब जरा घुटमळले, मग फोटोग्राफरला घेऊन काठाकडे गेले. खांबसाहेबांनी दार हळूच लोटून घेतलं.