मागच्या रांगेला न येणारा प्रश्न

उंदीर.

इथं रविवारी काचेची रिकामी बाटलीसुद्धा डब्यात टाकायची नाही. खळ्ळकन आवाज होतो.

बी.एड.च्या पेपरात प्रश्नांच्या पायऱ्या: आधी माहिती, मग कारण, शेवटी स्वतःचं मत. पाठ केलेल्या. पैकीच्या पैकी गुण.

कुमार "जा, जा, गेनाऊ" असं जर्मनमध्ये हो-हो म्हणाला की समजावं, तो ऐकत नाहीये.

दाराबाहेर घुंगरांच्या पिशव्या.

आता नीट सांगते. गाव जर्मनीतलं डार्मश्टाट, शनिवारची सकाळ. चर्चने मराठी मंडळाला वापरायला दिलेल्या खोलीत कुंदा परीक्षा देत होती. मुलांची नव्हे, तिची. मुलं दोन वर्षं तिच्या मराठीच्या वर्गाला येतात आणि अजून जर्मनमध्येच उत्तरं देतात, अशी पालकांची कुरकुर होती. मंडळाचा अध्यक्ष कुमार म्हणाला होता, "कुंदाताई, एक वर्ग सगळ्यांसमोर घ्या. मुलं बोलली तर उत्तम. नाहीतर ही वेळ डान्सवाल्यांना देऊन टाकू." पुण्यात इतकी वर्षं शिकवून आलेल्या कुंदाची पदवी इथल्या शाळांत चालत नव्हती. शिकवायला तिच्यापाशी एवढी एकच खोली होती.

पुढं मुलं, मागं पालक. कुंदानं चित्रांचं पुस्तक उघडलं.

"गणपतीचं वाहन कोणतं?"

"उंदीर," मागून मयुरेश कुजबुजला. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा हा माणूस पोराला मात्र क्षणभर थांबू देत नसे.

"उंदीर," त्याचा वेदांत म्हणाला.

"आणि त्याला खायला काय आवडतं?"

"मोदक," मागची रांग.

"मोदक," पुढची रांग.

"अहो मयुरेश, तुम्हाला बसवू का पुढं?"

"सॉरी, सॉरी. आपोआप येतं तोंडात."

पुढच्या प्रश्नाला त्यानं नुसते ओठ हलवले. बाकीचे कसले मागे राहतात! इराच्या आईनं तर कान धरून हत्तीच दाखवला. कुमारनं घड्याळाकडं पाहिलं.

तेवढ्यात दहा वर्षांच्या अन्वीनं हात वर केला आणि सरळ जर्मनमध्ये विचारलं, "मावशी, तुला सगळं माहितीये. मग आम्हाला का विचारतेस?"

"अन्वी! असं बोलतात?" तिची आई.

पोरगी खरं बोलली होती. मुलांची मराठी छोटी, म्हणून तिनं प्रश्नही छोटे ठेवले होते. काय आहे, कोण आहे, कुठला रंग. दोन वर्षं पहिल्याच पायरीवर. डोकी काही छोटी नव्हती त्यांची.

तिनं पुस्तक मिटलं.

"बरं. मला माहीत नाही ते विचारते. पण आधी आठवा, मागच्या गणपतीत रविवारी दुपारी आपण ढोल वाजवला. तेव्हा कोण आलं होतं?"

"श्नायडरबाई," वेदांत म्हणाला. या वेळी कुणी न सांगता. "समोरच्या घरातली."

"का आली?"

"रूहेत्साइट! रविवारी शांत राहायचं असतं."

"मग कुमारकाकांनी काय केलं?"

"ढोल बंद. मग दार बंद."

मागं कुणीतरी खोकलं. कुंदाला दिसत होतं, पुढची पायरी निसरडी आहे. खोली द्यायची की काढून घ्यायची हे ज्याच्या हातात, तोच तिसऱ्या खुर्चीवर बसला होता. तिनं पाय टाकलाच.

"कुमारकाकांनी केलं ते बरोबर केलं का?"

मागच्या रांगेत मयुरेशचे ओठ उघडले, मिटले. कुजबुजायला काही नव्हतंच कुणाकडं.

अन्वी उभी राहिली. "ढोल बंद, ते बरोबर. पण दार... दार नाही बरोबर. ती बाई अजून बोलत होती." मराठीत. अडखळत, पण मराठीत.

"मग काय करायला हवं होतं?"

"आत बोलवायचं. मोदक द्यायचा."

"नाइन! नाही!" वेदांत उसळला. "मोदक द्यायचा आणि मग ढोल वाजवायचा, ते तर बेश्टेखुंग! मावशी, मराठीत काय म्हणतात? काम व्हायला गुपचूप देतात ते?"

"लाच!" अख्खी मागची रांग एका सुरात.

"बघा, हा शब्द कसा सगळ्यांना पाठ," कुंदा म्हणाली, आणि खोली हसण्यानं भरली.

हसला नाही तो कुमार. "अरे पण," तो खुर्चीतून पुढं सरकला, "ती पोलिसांना बोलावते म्हणत होती! तुम्ही काय केलं असतं?"

"तुम्ही तिला विचारलं का, काय त्रास होतो?" इरा.

"नाही विचारलं."

"का?"

"घाबरलो होतो, बाई."

"आमच्या हाउसमध्ये बाळ आहे," वेदांत म्हणाला, "तिच्याकडं पण असेल!"

"बाळ नसलं तरी शांत पाहिजे असेल!" अन्वी.

"मग गणपतीनं कुठं जायचं?" इरा.

"शनिवारी आणायचे ढोल!"

"आल्झो, मग शनिवारी हॉल मिळतो का, ते कोण विचारणार?"

सगळे एकदम बोलत होते. मध्येच जर्मन शब्द घुसत होता, पण आता पोरं स्वतःच थांबून विचारत होती, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. आणि कुंदा? ती फक्त "का?" आणि "समजा असं झालं तर?" एवढंच म्हणत होती, हात पाठीमागं बांधून, सेनापतीसारखी.

दार उघडलं. नाचाच्या बाईंनी घुंगरांची पिशवी वर करून दाखवली. "आमची वेळ झाली."

"थांबा हो जरा!" कुमार ओरडला. "माझं उत्तर व्हायचंय अजून. आणि तुम्हाला दुपारची वेळ देतो. सकाळ कुंदाताईंची."

वेदांत टेबलाचाच ढोल करून बडवू लागला. मयुरेशनं त्याला थांबवलं नाही.

त्याआधीच्या गुरुवारीच, वर्ग जाणार असं धरून, कुंदानं खोलीची किल्ली कुमारच्या पत्रपेटीत टाकून दिली होती.