घाईच्या रोपांचं काचघर

मी एक जुनं काचघर आहे. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या एका उताराच्या परसात गेली तीस-बत्तीस वर्षं उभा आहे, आणि मित्रांनो, यंदा मी अगदी वैतागलो आहे.

माझा जन्म चांगला झाला. एका निवृत्त सुतारानं पाडलेल्या शाळेच्या खिडक्या जमवून मला उभं केलं. त्यानं माझ्यात पंचवीस वर्षं टोमॅटो लावले. इथला वारा त्याला ठाऊक होता, म्हणून तो ऊन तापेपर्यंत थांबायचा. शेजारी येऊन कौतुक करायचे. मग तो गेला, घर विकलं गेलं आणि हरीश व श्रुती राहायला आले. त्यांनी माझ्यात प्रवासाच्या रिकाम्या बॅगा रचल्या. सहा वर्षं मी बॅगा सांभाळल्या. कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

हरीश पुण्याचा, कॉम्प्युटरवर काम करणारा. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट कालच झालेली हवी असते. मे महिन्यात त्याच्या आईनं, सुलेखाबाईंनी, गुडघे फार दुखतात असं फोनवर सांगितलं. त्या जुलैत तीन महिन्यांसाठी इकडे येणार होत्या. झालं! यानं कुठंतरी वाचलं आणि ठरवलं, की घरीच गांजाचं झाड वाढवायचं आणि त्याचं तेल आईच्या गुडघ्यांना चोळायचं. या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसलं औषध मिळतं, पण घरी झाड लावणं हा गुन्हा आहे. हे समजायला त्याला लांब जायची गरज नव्हती. त्याची बायको फार्मासिस्ट आहे! रोज समोर बसून जेवते! पण यानं सल्ला विचारला तो इंटरनेटवरच्या कुणा टोपणनावाच्या माणसाला.

मग जाती निवडायचा सोहळा सुरू झाला. माझ्यात स्टूल टाकून तो लॅपटॉपवर तक्ता भरत बसायचा. एकेचाळीस जाती. त्यांची उंची, वास, लोकांची मतं आणि सगळ्यांत ठळक रकाना म्हणजे फुलायला लागणारे दिवस. मुलीला स्थळ बघतानाही माणसं एवढी चौकशी करत नाहीत. नव्वद दिवसांची बाद, सत्तर दिवसांचीही बाद. आई परत जायच्या आत तेल तयार व्हायला हवं म्हणून पंचावन्न दिवसांची जात पसंत पडली. अरे बाबा, ते दिवस पाकिटावर छापणाऱ्यानं वेलिंग्टनचा हिवाळा कधी पाहिलाय का? मी तावदानं खडखडवून हेच सांगत होतो. त्यानं माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या, आतून जुनी चादर लावली आणि श्रुतीला सांगितलं, "टोमॅटो लावलेत."

इथं जून-जुलै म्हणजे कडक हिवाळा. भर थंडीत टोमॅटो! पण श्रुती शनिवारीसुद्धा कामावर, तिला येऊन बघायला सवड कुठली?

सुलेखाबाई आल्या. दिवसभर घर रिकामं आणि गारठलेलं. माझ्यात निदान उन्हाची ऊब असते, म्हणून त्या येऊन बसायच्या आणि रोपांशी गप्पा मारायच्या. हरीशनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, "मेडिसिनल प्लांट आहे, आई. श्रुतीला बोलू नकोस हं, सरप्राइज आहे."

सप्टेंबरात गणपती आले. पूजेला एकवीस प्रकारची पत्री हवी. बेल, शमी, आघाडा इथं कुठून आणणार? सुलेखाबाईंनी परसातून, शेजाऱ्यांच्या कुंपणावरून, लिंबाचं, फेजोआ नावाच्या इथल्या फळझाडाचं, जाईचं असं करत वीस पानं जमवली. एक कमी पडलं. मग त्यांच्या मनात आलं, पत्री म्हणजे औषधी वनस्पतीच की! त्या माझ्यात आल्या, हात जोडले आणि सगळ्यांत मोठं, सात बोटांचं पान खुडून घेऊन गेल्या. मला ओरडता आलं असतं तर अख्खी गल्ली जमली असती.

पूजा माझ्या समोरच्याच खोलीत होती आणि गर्दीमुळे काचेचं दार सताड उघडं होतं. श्रुती ज्या फार्मसीत काम करते तिची मालकीण मधुवंती अगदी पुढे बसली होती. सोवळं नेसलेल्या हरीशच्या हातात सुलेखाबाई एकेक पान देत होत्या. एकविसावं पान हातात आलं आणि त्याचा हात तसाच थांबला.

"वाहा ना," त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुझ्याच हातचं झाड आहे."

श्रुतीचा चेहरा पांढराफटक पडला. मधुवंतीनं आधी पानाकडे पाहिलं, मग श्रुतीकडे. "चला, आरतीला उशीर होतोय," ती म्हणाली. निघताना मात्र तिनं श्रुतीला दाराबाहेर घेतलं. "सोमवारी तू कामावर येशील तेव्हा हे झाड तुमच्या घरात नसेल. असलं, तर मला रिपोर्ट करावं लागेल. आय मीन इट, श्रुती."

पाहुणे गेल्यावर श्रुती तरातरा माझ्यात आली. मागून हरीश.

"फार्मासिस्टचं इथलं रजिस्ट्रेशन मिळवायला मला चार वर्षं लागली," ती म्हणाली. "दिवसभर डेअरीच्या काउंटरवर दूध-पाव विकून परीक्षा दिल्या मी. आज ते सगळं गेलं असतं, हरीश."

"अगं, फक्त अकरा दिवस राहिलेत! ही फास्ट जात आहे."

मित्रांनो, माझ्या काचा कशा फुटल्या नाहीत, तेच मला कळत नाही.

"कसले अकरा दिवस?" सुलेखाबाई दारात उभ्या होत्या. श्रुतीनं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्या आत आल्या. खाली वाकल्या आणि एकेक रोप मुळासकट उपटू लागल्या.

"आई, अगं तुझ्या गुडघ्यांसाठी लावलं होतं मी!"

"गुडघे वयानं दुखायचे तेवढेच दुखतात रे," माती झटकत त्या म्हणाल्या. "फोनवर मी बरी आहे म्हटलं की तू 'चल, ठेवतो' म्हणतोस. गुडघ्यांचं काढलं की दहा मिनिटं बोलतोस."

हरीश मटकन खाली मातीत बसला. त्याच्या त्या तक्त्यात यासाठी एकही रकाना नव्हता. मला त्याचा राग आला होता, खूप आला होता, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

मित्रांनो, माझ्यासारख्या काचघराला थोडी डागडुजी आणि बरं रोप द्या, मी ते जिवापाड सांभाळेन. ऊब देणं माझ्या हातात आहे. पण तुमच्या आईची विचारपूस मला करता येत नाही. ती तुम्हीच करा, आणि जरा सावकाश करा.