आयुष्यभर चालेल, सांगा

माझा नवरा क्लबचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या टाइल्सच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा क्लबवालेच जास्त बसलेले असायचे. अध्यक्षपद एकाच वर्षाचं. त्या वर्षात जे करून दाखवाल तेवढंच तुमच्या नावावर, म्हणून प्रत्येक अध्यक्षाला घाई असते. आधीच्यांनी शाळांना बाकं दिली होती, रक्तदानाची शिबिरं घेतली होती. माझ्या नवऱ्याला परदेशात काहीतरी करायचं होतं.

त्याची रीत ठरलेली असते. क्लबने सभासदांकडून वर्गणी काढायची, गाण्याचा एखादा कार्यक्रम ठेवून तिकिटं खपवायची. जितके पैसे जमतील त्याच्या दुप्पट अशा सगळ्या क्लबांची जागतिक संस्था घालते. मात्र त्या देशातला एक क्लब भागीदार म्हणून लागतो आणि आपण परत आल्यावरही काम चालू राहील, असं अर्जात लिहून द्यावं लागतं. एका गरीब देशातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचं पत्र आलेलं होतं. नवऱ्याने ठरवून टाकलं, श्रवणयंत्रं द्यायची. तज्ज्ञ तर घरचीच होती.

म्हणजे माझी नणंद. ताई नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी लग्न केलं नाही. औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. एका खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला, तिथे कानांची तपासणी होते. दुसरीत पेशंटची खुर्ची आणि यंत्र कानात नीट बसावं म्हणून कानाचे साचे बनवायचं टेबल. बोलणं तुटक. भावाला त्या अजून बाळ्याच म्हणतात, भर दुकानात, नोकरांसमोरसुद्धा.

ताईंनी एका कागदावर लिहून दिलं. नव्वद यंत्रं, प्रत्येकाला दोन वर्षांच्या बॅटऱ्या, मापाचे साचे, आणि तिथल्या एका शिक्षिकेला शिकवून तयार करायचा खर्च.

"नव्वदच?" नवरा म्हणाला. "तिथे आसपासची धरून दोनशे चाळीस मुलं आहेत. नव्वद म्हटलं तर वर्गणी तरी कोण देईल?"

"बॅटरी दहा दिवस टिकते, बाळ्या. बॅटऱ्या काढून टाकल्यास तर त्याच पैशांत बसतील दोनशे चाळीस."

"थोड्या देऊ की. पुढच्या तिथला क्लब देईल. अर्जात तसं लिहिलंय."

"त्यांना विचारलंस?"

"ते लिहावंच लागतं, ताई."

"मग मला यात धरू नकोस," असं म्हणून ताईंनी कागद परत घेतला.

तीन दिवसांनी नवरा मला बरोबर घेऊन क्लिनिकवर गेला. मी असले की ताई फार ताणत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तो पेशंटच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ठीक आहे, नव्वद करू. उरलेल्या दीडशे मुलांना नाही म्हणून कोण सांगणार? तू सांगशील? आणि कुठली दीडशे, तेही तूच निवड."

ताई बोटांना चिकटलेला साच्याचा गुलाबी लगदा नखाने खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बॅटऱ्या पुढच्या वर्षी नक्की?"

"नक्की. शब्द देतो."

पुढच्या वर्षी अध्यक्ष दुसराच असणार, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

आम्ही अकरा जण गेलो, आपापल्या तिकिटाने. शाळेच्या लांबलचक खोलीत चार दिवस काम चाललं. ताई सकाळी बसायच्या त्या अंधार पडेपर्यंत पाठ टेकायच्या नाहीत. माझ्याकडे दोनशे चाळीस मुलांची यादी होती. चार महिन्यांच्या बॅटऱ्या नेल्या होत्या, त्या मी मोजून शिक्षिकेच्या कपाटात ठेवल्या. लहान मुलं त्या गिळतात, म्हणून घरी द्यायच्या नाहीत, शाळेतच बदलायच्या, असं ताईंनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची, त्या दिवसाचं काम बुडवून आली होती. ताईंनी कानामागे यंत्र बसवलं आणि आवाज हळूहळू वाढवला. बाकीची मुलं या वेळी दचकायची, काही रडायची. हिने वर पाहिलं. छताला पंखा फिरत होता. पंख्याला आवाज असतो हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. मग ती उठली आणि बसलेली खुर्ची फरशीवरून ओढू लागली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. कानठळ्या बसतील असा आवाज, पण कोणी तिला थांबवलं नाही.

आईने शिक्षिकेमार्फत विचारलं, हे किती दिवस चालेल?

"त्याचं असं आहे," ताईंनी सुरुवात केली, "यात एक बॅटरी..."

नवरा शेजारीच उभा होता. फोटो काढणारा कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता.

"आयुष्यभर चालेल, सांगा," नवरा म्हणाला.

शिक्षिकेने सांगितलं. आईने ताईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ताई पुढे काही बोलल्या नाहीत. मीही ताईंजवळच उभी होते, बॅटऱ्या मीच मोजल्या होत्या, मीही बोलले नाही. नवऱ्याला आपण खोटं बोललो असं वाटलंही नसेल. यंत्र चांगल्या कंपनीचं होतं, टिकाऊ होतं.

तो फोटो क्लबच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. प्रांताच्या अधिवेशनात नवऱ्याला मानचिन्ह मिळालं. ताई आल्या नाहीत. पेशंट आहेत म्हणाल्या.

सात महिन्यांनी त्या शिक्षिकेचं ताईंना पत्र आलं. कपाटातल्या बॅटऱ्या संपल्या होत्या. भागीदार क्लबात सातच सभासद उरले होते आणि कसल्या बॅटऱ्या हेच त्यांना कळेना. राजधानीत मिळायच्या, पण एका पाकिटाला कारखान्यातली दोन दिवसांची मजुरी. त्या मुलीबद्दलही लिहिलं होतं. हाक मारली की ती वळायला लागली होती, सात-आठ शब्दही बोलायला लागली होती. मग शाळेला दोन महिने सुट्टी लागली. सुट्टीत एका दिवशी ती वळेनाशी झाली. यंत्र कानात होतंच, आणि आईला आयुष्यभराचं सांगितलेलं. आईला वाटलं, पोरगी मुद्दाम करते. आई तिला मारायला लागली. शाळा उघडल्यावर शिक्षिकेला वळ दिसले, तेव्हा उलगडा झाला. शेवटी शिक्षिकेने लिहिलं होतं, रागावू नका, पण तुम्ही आला नसतात तर तिने हा मार खाल्ला नसता.

ताई ते पत्र घेऊन क्लबच्या बैठकीला आल्या. उभ्या राहून सगळं वाचलं. कोणीतरी घसा खाकरला. नवा अध्यक्ष चष्म्याच्या दुकानाचा मालक, भला माणूस. तो म्हणाला, "ताई, ऐकून फार वाईट वाटलं. पण एकाच ठिकाणी तीन वर्षं पुन्हा मदत देता येत नाही, तसा नियम आहे. आणि यंदा आपण दुसऱ्या देशात मुलींच्या शाळांना स्वच्छतागृहं देतोय."

ताईंनी भावाकडे पाहिलं. "बाळ्या, तू शब्द दिला होतास."

नवऱ्याने समोरचा ग्लास जरा सरकवला. "मी आता माजी अध्यक्ष आहे, ताई. माझ्या हातात काय आहे?"

मग चहा आला. बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ पडली, मागील प्रकल्पाबाबत प्रतिसाद प्राप्त झाला.

ताईंनी स्वतःच्या खर्चाने बॅटऱ्या घेतल्या. पोस्टाने घेतल्या नाहीत, कुरिअरवालेही विमानातून बॅटऱ्या नेत नाही म्हणाले. तेव्हा क्लिनिकला तीन आठवडे कुलूप लावून त्या स्वतःच निघाल्या. मी बरोबर येते म्हणाले. घरी नवरा म्हणाला, "आता तूही मला चारचौघांत खाली बघायला लावणार का?" मी गेले नाही.

त्या परत आल्यावर मी क्लिनिकवर गेले. ताई वाळल्या होत्या. दोनशे चाळिसांपैकी एकाहत्तर मुलं सापडली, त्यातल्या एकतीस जणांनी यंत्र पुन्हा घातलं. शिक्षिकेला साचे काढायला शिकवून आल्या होत्या.

"आणि ती?" मी विचारलं.

"ती हात लावू देईना. यंत्र दिसलं की दोन्ही हातांनी कान झाकून घेते. ते घातलं की मार बसतो, एवढंच तिला माहीत."

"आई भेटली?"

"कारखान्याच्या फाटकाशी थांबले होते मी. मला बघितलं आणि परत आत गेली."

त्यानंतर महिन्याभरात जागतिक संस्थेला अंतिम अहवाल द्यायचा होता. किती मुलं अजून यंत्र वापरतात, असा एक रकाना होता आणि खाली तज्ज्ञाची सही. नवऱ्याने दोनशे दहा लिहिलं, तीस हरवली असतील म्हणून वजा केली, आणि कागद माझ्या हातात दिला. "तू ताईकडे ने. तुला ती नाही म्हणणार नाही."

"एकतीस लिहा," मी म्हणाले, "मग करतील सही."

"एकतीस लिहिलं तर क्लबला पुढचा निधी बंद. स्वच्छतागृहं अडकतील. त्या मुलींनी काय घोडं मारलंय?"

मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मी नेणार नाही. दुसऱ्या दिवशी क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या सुट्टीत सही करून दिली. अहवाल मंजूर झाला. स्वच्छतागृहांचे पैसेही आले.

ताई आता आमच्या घरी येत नाहीत. मी आठवड्यातून तीन दुपारी क्लिनिकवर जाते, साचे घासून गुळगुळीत करायला शिकले आहे. महिन्याकाठी ती शिक्षिका इकडून तिकडे जाणारं कोणीतरी माणूस शोधून देते, त्याच्या सामानातून आम्ही एकतीस मुलांच्या बॅटऱ्या पाठवतो. मी कुठे जाते हे नवऱ्याला माहीत आहे. तो विचारत नाही, मी सांगत नाही. जेवायला बसलो की आम्ही दुकानाबद्दल बोलतो.