दोरीवरची नायलॉन

चौऱ्याहत्तर साली दिवाळीआधी माझ्या भावानं पुण्यासनं मला नायलॉनची साडी पाठवली. मोरपंखी, वर पिवळी फुलं! आमचं मालक मागावर सुती चादरी विणायचं. साडी चिमटीत धरून म्हणालं, "ह्यात सूत कुटं हाय गं?"

"सूत बघत बसा तुमी," म्या म्हटलं. "पाडव्याला हीच नेसून अंगणात बसणार. त्या केराबाईचं तोंड बघायचंय मला." केराबाई आमची शेजारीण. वर्षभर तिच्या साड्यांचं कौतुक ऐकून माझं कान किटलं होतं.

पाडव्याला संध्याकाळी साडी नेसून बाहेर आले. तर आमची मायाक्का, आठ वर्षांची कार्टी, एकुलता एक भुईनळा पोटाशी धरून बसलेली. शेजारी पाण्यानं भरलेली बादली.

"आई, आदी साडी बदल. शाळेतल्या बाई म्हणल्यात, फटाक्याजवळ नायलॉन नको. पेटलं की अंगाला चिकटतं."

"तुज्या बाईला काय कळतंय! दे तो भुईनळा बापाकडं."

"न्हाय! तू बदलल्याबिगर न्हाय."

मालक हातात उदबत्ती घेऊन गालातल्या गालात हसत हुभं. असा राग आला मला! पाय आपटत आत गेले आन् जुनं सुती लुगडं नेसले. पण अंगावर न्हाय तर न्हाय, दोरीवर तरी दिसू दे, म्हणून साडी अंगणातल्या दोरीवर पसरली, अगदी केराबाईच्या दारासमोर.

मालकांनी लांबनं भुईनळा पेटवला. केराबाई दारात आली. "अगंबाई, लई झ्याक साडी की!" म्हणाली. जीव सुखावला माझा.

तेवढ्यात वारा फिरला. दोन ठिणग्या माझ्या लुगड्यावर आल्या, मी झटकल्या, इझल्या. एक साडीवर बसली. बघता बघता जाळ झाला आन् साडी वितळून थेंब थेंब गळायला लागली. मालकांनी बादली फेकली म्हणून तेवढ्यावर भागलं.

परातीएवढं भोक पडलं. ओली साडी मी अंगाला लावून बघितली. भोक बरोबर पोटावर येत होतं. मायाक्काला छातीशी धरून हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी ती साडी घेऊन मी गल्लीत दारोदार हिंडले. बाया भोकात हात घालून बघत होत्या आन् पोरींचं नायलॉनचं फ्रॉक पेटीत टाकत होत्या. केराबाईच्या एकाही साडीनं एवढी घरं बघितली न्हाईत!